भाड्याचं माहेर

आई गेली तेव्हा मी शाळेत होते आणि अक्काचं नुकतंच लग्न झालं होतं. त्यामुळे अक्काचं सासर हेच माझं माहेर. हे ऐकून लोक हसतात. हसोत बापडे. माझ्या दोन्ही पोरांची बाळंतपणं माझ्या बहिणीनं केली, शिंदखेड्याहून थोडं आत असलेल्या तिच्या गावात, तिच्या धाब्याच्या घरात. मातीच्या जाड भिंती, वर मातीचंच सपाट छत, वैशाखातही आत गार. बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी आणि दिवसभर अक्काची बडबड. मला डिंकाचे लाडू आवडत नाहीत असं एकदा म्हणाले, तर म्हणते, "आवडाले कोन सांगस तुले? खाय गपचूप."

खाल्ले. अक्कापुढे माझं कधी चाललं नाही, आणि तसा माझा स्वभाव काही गरीब नाही. जळगावला ज्या शाळेत मी शिकवते तिथे मुलं मला मागून लवंगी मिरची म्हणतात, हे मला माहीत आहे.

अक्काच्या स्वतःच्या पहिल्या बाळंतपणाला मात्र माहेर नव्हतं. सासू वाईट होती असं नाही, पण घरात माणसं फार आणि हात थोडे. बाराव्या दिवशी अक्का धुण्याचं बोचकं घेऊन नदीवर गेली. खूप वर्षांनी मी तिला विचारलं, त्या दिवसांतलं काय आठवतं गं तुला? तिनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "भूक."

म्हणून तिची लेक जन्मली त्या दिवसापासून अक्काचं एक ठरलेलं होतं. आमच्याकडे लेकीला आंडेर म्हणतात. अक्का म्हणायची, "मन्ही आंडेर मन्हा घरमा बाजवर बठीसन खाई." लेकीच्या लग्नाचं तिला इतकं कौतुक नव्हतं. पण बाळंतपणासाठी लागणारी पितळी घंगाळं, मऊ धुतलेली जुनी लुगडी, लाडवांचा डबा, हे सगळं तिनं पोरगी दहावीत असल्यापासून राखून ठेवलं होतं. मी चिडवायचे, "अगं, आधी नवरा तरी शोध." ती म्हणायची, नवरे काय, मिळतात.

नवरा बोदवडचा मिळाला. चांगला पोरगा, दुकान आहे, बोलायला कमी. दुसऱ्या वर्षी भाचीला दिवस गेले आणि अक्काचे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

आता त्या मशीनचं सांगायला हवं. रस्ता रुंद करायचं काम निघालं तेव्हा गावामागच्या टेकडीशी खडीचं मशीन आलं. सुरुंग लावून टेकडी फोडायची, दगड मशीनमध्ये टाकायचे, खडी डंपरनं रस्त्याला न्यायची. सुरुवातीला गावानं स्वागतच केलं. पोरांना काम लागलं, दोघा-तिघांनी डंपर घेतले, चहाच्या टपऱ्या निघाल्या. मग पांढरी धूळ आली आणि गेलीच नाही. कपाशीच्या पानांवर, गुरांच्या पाठीवर, पाण्याच्या माठावर फडकं बांधलं तरी फडक्याच्या आत. सुरुंग उडाला की धाब्याची माती भाकरीत पडायची. अक्काच्या ओसरीच्या भिंतीला एक चीर गेली, तिच्यात ती दर पंधरा दिवसांनी शेणमाती भरायची आणि चीर दर पंधरा दिवसांनी तिला विचारायची, झालं का भरून?

गावात म्हातारी माणसं खोकायला लागली. लहान पोरांना दवाखान्यात वाफ द्यायला नेऊ लागले. कुणी तक्रार करायची म्हटलं की डंपरवाल्याचा बाप पुढे यायचा, आणि तो आपलाच भाऊबंद. आपलेच दात, आपलेच ओठ. मी दर सुट्टीत जाऊन तावातावानं भांडायचे, मशीनवर पाणी मारलं पाहिजे, भोवती पत्रे ठोकले पाहिजेत, असा नियम आहे. भाऊजी शांतपणे म्हणायचे, "नियम शे ना. पानी नही शे." उन्हाळ्यात गावाला टँकर यायचा, मशीनवर मारायला पाणी आणायचं कुठून, हे मला तेव्हा सुचत नसे. राग मात्र पुरेपूर यायचा, आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नसे.

भाचीला सातवा लागला आणि तिला बिबडे खावेसे वाटले. ज्वारी भिजवून, कांडून, तिचा लसूण-तीळ घालून घट्ट घाटा शिजवायचा आणि तो ओल्या धोतरावर हातानं पातळ थापून उन्हात वाळवायचा, ते बिबडे. अक्काच्या हातचे बिबडे चंद्राच्या उजेडातही आरपार दिसेल इतके पातळ. तिनं दोन दिवस खपून केले आणि बोदवडला जाणाऱ्या एका पाव्हण्यासोबत डबा भरून पाठवले.

चार दिवसांनी विहिणीचा फोन आला. बोलण्यात आडपडदा नाही असं ते माणूस आहे. म्हणाल्या, "इहीनबाई, बिबडे छान झाले, पन दाताखाली कचकच लागते. ज्वारी चाळायची राहिली का?"

अक्काच्या जिव्हारी लागलं. ज्वारी चाळायची राहिली का, हे तिला! तिनं फोन ठेवला, डब्यात उरलेला एक बिबडा भाजला आणि चावला. मग दुसरा भाजला. मग धाब्यावर गेली. जिथे बिबडे वाळले होते तिथे तिनं हात फिरवला आणि हात तसाच पदराला न पुसता खाली घेऊन आली, भाऊजींना दाखवायला.

तिकडे भाचीनं सासूला सरळ सांगून टाकलं, आमच्या गावाला खडीचं मशीन आहे ना, त्याची धूळ असेल. पोर भाबडी. विहिणीनं ते ऐकून घेतलं. त्यांचे यजमान तरुणपणापासून जिनिंगमध्ये कामाला होते. सरकीपासून कापूस वेगळा करताना जी तूस उडते, ती त्यांनी उमर जाईपर्यंत छातीत घेतली. शेवटची वर्षं बाई त्यांच्या पाठीला हात लावून बसलेल्या असायच्या. त्यामुळे धूळ म्हणजे काय ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी निरोप धाडला: पोरगी पाठवायच्या आधी मी एकदा घर बघून जाते. राग नसावा.

अक्काला राग आला नाही, धडकी भरली. दुसऱ्या दिवसापासून ती घराच्या मागे लागली. भिंती सारवल्या, धाबं झाडलं, खिडक्यांना ओली लुगडी बांधली. मला फोन करून म्हणाली, "तू ये. इहीनना समोर मन्ही बोलती बंद होस."

तिची बोलती बंद झालेली मी जन्मात पाहिली नव्हती. पण गेले.

विहीण यायच्या दिवशी सकाळी आम्ही पुरण वाटत होतो. पुरणपोळी, रशी, आमरस, कुरडया, जे जे म्हणून विहिणीला करतात ते सगळं. ऊन वर आलं तरी टेकडीकडून काहीच ऐकू येईना. मी म्हटलं, आज मशीन बंद दिसतंय, नशीब आपलं. अक्का पुरणात जायफळ किसत राहिली. ती गप्प बसली म्हणजे काहीतरी आहे हे मला कळतं, म्हणून मी तिच्याकडे बघत राहिले. मग तिनं हळूच सांगितलं.

आदल्या दिवशी ती डोक्यावर ताकाची कळशी घेऊन टेकडीवर गेली होती. मशीनवरचा मॅनेजर परमुलखातला, घरदार दूर ठेवून पत्र्याच्या खोलीत राहणारा. तिनं त्याला ताक पाजलं आणि म्हणाली, भाऊ, मन्ही इहीन येनारी शे, एक दिन तुन्हं मशीन गप ठेव. तो हसला. मग ती का येते आहे ते अक्कानं सांगितलं, तेव्हा हसायचा थांबला. त्याला दोन मुली. म्हणाला, ठीक आहे मावशी, पट्टा दुरुस्तीला काढायचाच आहे, उद्या काढतो.

मी पोट धरून हसले. ताकाच्या कळशीवर टेकडी गप्प! मग हसता हसता माझं डोकं तापलं. एका विहिणीसाठी जे थांबतं, ते गावातल्या पोरांसाठी का थांबत नाही? मी तसं म्हणालेही. अक्का म्हणाली, "आज नको. आज तू फक्त हास."

विहीण आल्या. जावई गाडी घेऊन आले होते, ते भाऊजींबरोबर शेताकडे गेले. विहीणबाई ठेंगण्या, काटक, चष्मा दोऱ्यानं गळ्यात बांधलेला. त्यांनी चहा घेतला आणि घर बघितलं, म्हणजे खरंच बघितलं. बाजेवर बसून पाहिलं. खिडकीतून टेकडीकडे पाहिलं. आकाश निळं होतं. कडुनिंबावर चिमण्या होत्या. ओसरीवरून बोट फिरवून पाहिलं, बोट स्वच्छ. अक्कानं राखून ठेवलेली घंगाळं, लुगडी, सगळं दाखवलं, आणि दाखवताना तिचा चेहरा असा झाला होता की मला तिच्याकडे बघवेना. जेवताना विहीणबाई म्हणाल्या, "घर तं गार आहे हो. मी उगाच घाबरले. पोरीले चांगलं वाटंल इथं."

मी अक्काच्या मांडीला चिमटा काढला. जिंकलो होतो आम्ही.

निघायच्या वेळी अक्कानं विहिणीला पाटावर बसवलं. हळदीकुंकू लावलं. खण, नारळ, गहू घेऊन ओटी भरायला वाकली आणि तशीच थांबली. ओंजळ भरलेली, हात पुढे, आणि बाई हलेना. मी तिच्या कानाशी पुटपुटले, झाकली मूठ सव्वा लाखाची, अक्का. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"इहीनबाई," ती म्हणाली, "आज मशीन बंद शे ना, ते मीच बंद ठेवाले सांगेल शे. रोज असं नही ऱ्हास. रोज आठे धूय ऱ्हास. पोरले आठे धाडू नका."

मला अक्काचा भयंकर राग आला. तेवीस-चोवीस वर्षं जे एक मनात धरून बसली होती, ते स्वतःच्या तोंडानं तिनं मोडलं. आणि त्याच वेळी तिच्यावर इतकी माया आली की मी उठून स्वयंपाकघरात गेले, कारण मला रडताना कुणी बघितलेलं आवडत नाही. तिथून ऐकलं ते सगळं.

मग विहीणबाई म्हणाल्या, "तुमी नसतं सांगितलं तं परवाच मी पोरीले आनून सोडलं असतं." अक्का म्हणाली, म्हणूनच सांगितलं. मग विहीणबाईंनी आपल्या यजमानांचं सांगितलं. ते खोकायचे तेव्हा घरातली भांडी मोजल्यासारखा आवाज यायचा म्हणे, एकामागून एक. "त्या माणसाले कोनी सांगितलं नाही हो, की इथं नको येऊ. सांगनारं कोनी असतं तं."

विहीणबाई पाटावरून उठल्या नाहीत. म्हणाल्या, मग तुमीच चला बोदवडला, आमच्या घरी करा लेकीचं. अक्कानं नकारार्थी मान हलवली. आमच्या भाऊबंदकीत जुनी रीत आहे, लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या सासरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. आजकाल कुणी पाळत नाही. पण अक्का पाळते. मी आतून ओरडले, "आता या वेळी तरी सोड गं ते!" अक्का म्हणाली, "तू पुरन झाक."

विहीणबाई विचारात पडल्या. आणि मग मला आयुष्यभर पुरेल असं बोलल्या. "आमच्या अंगनापलीकडे एक खोली आहे. भाडेकरू गेले तशी रिकामीच आहे. तिथं वेगळी चूल आहे, नळ आहे. ती मी तुमाले भाड्यानं देते. भाड्याच्या घरचं पानी तं चालंल ना?"

"भाडं?" अक्कानं विचारलं. ती विनोद करत नव्हती.

विहीणबाईंनी तिच्या ओंजळीतला नारळ उचलला आणि पिशवीत टाकला. "मिळालं."

अशी अक्का बोदवडला भाड्यानं राहायला गेली. घंगाळं गेली, बाज गेली, लुगडी गेली. मी शनिवार-रविवार जळगावहून जायचे. ज्या दिवशी भाचीला माहेरी आणायचं, त्या दिवशी विहीणबाईंनी तिला रीतसर जेवू घातलं, ओटी भरली, हातात पिशवी दिली आणि दारापर्यंत पोचवायला आल्या. जावई उगाच गंभीर चेहरा करून उभे. भाची उंबऱ्याबाहेर आली, अंगण ओलांडलं, आणि समोरच्या दारात अक्का भाकरतुकडा घेऊन उभी होती, ओवाळून टाकायला. दोघी विहिणी दोन दारांत, मध्ये दहा पावलांचं अंगण आणि त्यात एक कोंबडी. भाची हसत होती आणि मग माहेरच्या उंबऱ्याशी येऊन तिला रडू फुटलं. पोरगी खरंच माहेरी आल्यासारखी रडली. अक्काही रडली. मी त्या कोंबडीला हाकललं, काहीतरी करायचं म्हणून.

दवाखान्यात मुलगी झाली. सुखरूप. सव्वा महिना त्या खोलीत अक्काचं राज्य होतं. शेगडी, ओवा, शेपा, खसखशीची खीर. लाडू नको म्हटलं की भाचीला तेच ऐकावं लागे, जे मी ऐकलं होतं. विहीणबाई अंगणातून हाक मारून परवानगी घेऊन यायच्या, "येऊ का हो, पाव्हनी आले मी," आणि अक्का त्यांना चहा करून द्यायची. नातीला तेल लावताना दोघींचं भांडण व्हायचं, पाय कुणी चोळायचे म्हणून. इतकं सुख मी अक्काच्या तोंडावर पूर्वी पाहिलं नव्हतं.

सव्वा महिना झाला. भाची बाळाला घेऊन अंगण ओलांडून सासरी गेली. अक्कानं खोली झाडली, सारवली, किल्ली विहीणबाईंच्या हातात दिली. आम्ही दोघी गाडीनं निघालो. मला वाटलं आता ती बाळाच्या गोष्टी सांगत बसेल. ती खिडकीतून बघत राहिली. भुसावळला गाडी बदलताना नातीबद्दल एकच वाक्य बोलली, "तिनी मन्हं घर नही देखं."

घरी गेल्यावर ती पुन्हा टेकडीवर गेली, ताक घेऊन. मॅनेजर तिला बघून खूश झाला, मुलगी झाली का मुलगा विचारलं. अक्कानं त्याला पेढा दिला आणि विचारलं, आता कायमचं काय? धूळ कमी होईल असं काहीतरी कर. तो बिचारा पायाखाली बघत म्हणाला, "मावशी, एक दिवस माझ्या हातात होता. रोजचं माझ्या हातात नाही." कुणाच्या हातात आहे ते विचारलं, तर त्यानं तालुक्याकडे हात केला. गावच्या सभेत ती बोलायला उभी राहिली तेव्हा डंपरवाला भाऊबंद म्हणाला, वहिनी, तुमची पोरगी तर बोदवडला मजेत आहे, आता तुम्हाला काय त्रास? अक्का म्हणे खाली बसली. पण दुसऱ्या दिवशी मला फोन केला, अर्ज लिही.

मी लिहिला. माझा सगळा राग ओतून लिहिला. स्वच्छ हवा हा माणसाचा हक्क आहे, धुळीमुळे गावातली मुलं आजारी पडतात, नियमाप्रमाणे पाणी मारावं, पत्रे लावावेत, वस्तीपासून अंतर मोजावं, सगळं. पाच पानं. शुद्धलेखनाची एक चूक नाही. आणि अक्काला घेऊन कचेरीत गेले.

टेबलामागचा माणूस तरुण होता आणि सभ्य होता. बसायला खुर्ची दिली. पाचही पानं वाचली, खरंच वाचली, मी बघत होते. मग म्हणाला, मॅडम, हे बरोबर आहे सगळं, पण असे अर्ज बरेच येतात. पाहणी लागेल, वेळ जाईल. अंगठा मावशींचा आहे, तर त्यांचं नेमकं म्हणणं काय, ते त्यांच्या तोंडून ऐकू द्या. मी तोंड उघडलं, अक्कानं माझ्या हातावर हात ठेवला.

"माले मन्ही आंडेरले घर आननं शे," ती म्हणाली. "तिनी पोरले बी."

तो गोंधळला. अर्ज चाळला, पुन्हा तिच्याकडे पाहिलं. सासरचे पाठवत नाहीत का, असं विचारलं. पाठवतात, अक्का म्हणाली, फार चांगली माणसं आहेत. मग जावयाचं काही? जावई तर सोन्यासारखा. त्यानं पेन खाली ठेवलं आणि खरोखर मायेनं म्हणाला, "मग आणा की मावशी! लेकीला घरी आणायला अर्ज कशाला लागतो?"

अक्कानं पदर सावरला.

"मीबी तेच इचारस, भाऊ."